डाव्या चाकाची आतली कड

गाडीचे किस्से सांगायला बसलं की एकावर थांबता येत नाही. आमची तर सेकंडहँड गाडी, आणि चालवणारी मी, म्हणजे साठा भरपूर. पण नव्वदच्या दशकात बंगळूरला असताना एका काळजीने माझी कितीतरी दिवस झोप उडवली होती. गाडी पन्नासच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं. आणि मागच्या सीटवर दोन मुलं असायची. एक माझी इरा, पाच वर्षांची. दुसरा राजाजीनगरच्या आमच्या शेजारणीचा, गंगाक्कांचा मल्लू.

थरथर कशामुळे, ते फक्त मला माहीत होतं. एका सकाळी मुलांना सोडून परतताना मागून बसवाल्याने हॉर्न दिला. मी घाबरून गाडी डावीकडे घेतली, आणि पुढचं डावं चाक फुटपाथवर चढून धाडकन खाली आलं. लायसन्स मिळून चारच महिने झाले होते. "वर्षभर थांब, मग मुलांना ने," असं शिरीष, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता. त्यावर मी म्हणाले होते, "कशाला?"

त्या "कशाला"ने माझं तोंड बंद केलं.

* * *

शिरीष यशवंतपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. जायचा कंपनीच्या बसने, त्यामुळे गाडी माझ्याच ताब्यात. मी त्याला फक्त थरथर सांगितली. आधी त्याने रस्त्यांना नावं ठेवली, मग गाडीच्या जुन्या मालकाला. एका रविवारी जॅक लावून त्याने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली, आणि मला शेजारी बसवून फेरी मारून आणली.

"बघ, स्टिअरिंग आता हलतंय का?"

नव्हतं हलत. आता मागची सीट हलत होती. आजार बरा झाला नव्हता, त्याची मागे बदली झाली होती. म्हणजे थेट मुलांच्या खाली. इंजिनिअर खूश होता, म्हणून मीही खूश दिसले.

* * *

मुलांना मात्र ती सीट फार आवडली. दोघं तोंड उघडून "आ" म्हणत बसायची आणि आवाज थरथरला की खिदळायची. मी चाळीसच्या वर जायचंच नाही असं ठरवलं. ही माझी दुरुस्ती. मागून हॉर्न वाजायचे, रिक्षावाले वळून वळून बघायचे. मल्लूने तर तक्रारच केली, "आंटी, जोरात चालवा ना. गाणं येईना."

मुलं असं गातात तेव्हा आईने आरशात बघू नये.

* * *

शेवटी एकटीच कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्याने चाकाला पायाने ढोसलं, हवा भरली आणि म्हणाला, "स्वल्प प्रॉब्लम, मेडम. स्वल्प अडजस्ट माडी."

माडी म्हणजे करा, आणि स्वल्प म्हणजे थोडंसं, हे तर मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. फक्त आपल्याकडे स्वल्पानंतर विराम येतो, आणि बंगळूरमध्ये तो येतच नाही. प्लंबरचं स्वल्प आठवडाभर चालतं, हे मला माहीत होतं. तरी मेकॅनिकचं स्वल्प मी खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. त्या एका शब्दावर पुढचे पंधरा दिवस मुलं शाळेत नेली.

* * *

गंगाक्का मूळच्या बेळगावकडच्या, बंगळुरात पंचवीस वर्षं झालेली. एकदा धीर करून मी त्यांना म्हटलं, "अक्का, गाडी जरा थरथरते हो. मल्लूला थोडे दिवस रिक्षाने पाठवता का?"

"सोड की ग," अक्का म्हणाल्या. "तू चालवतीस म्हणून पाठवतो बघ मी पोराला. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलो नसतो."

आणि माझ्या हातात चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचा, डबा ठेवला. फुटपाथचं सांगायला उघडलेलं तोंड मी चित्रान्नासाठी वापरलं. डबा मात्र लख्ख घासून परत केला. माझा प्रामाणिकपणा तेवढाच उरला होता.

* * *

त्या शनिवारी शिरीषला सुट्टी होती. चाकं बदलली, आता ती एका रेषेतही आणू, असं त्याचं म्हणणं; यशवंतपूरला एका टायरवाल्याकडे ही अलाइनमेंट कॉम्प्युटरवर करून देतात असं त्याला कारखान्यात कळलं होतं. ते मशीन तेव्हा नवलाईचं. आम्ही तिघं गेलो. मालक मंजुनाथ, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मशीनकडे बघितलंही नाही. मागचं डावं चाक काढून आडवं ठेवलं आणि हात फिरवून बघा अशी मला खूण केली. मी टायरवर तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत. उलट फिरवला तर करवतीसारखं हाताला लागत होतं. मग त्यांनी टायरची आतली कड दाखवली, जी उभ्या गाडीत कधी दिसतच नाही. तिथलं रबर पार गेलं होतं, आतली तार बोटांना लागत होती. वरून टायर नव्यासारखा.

"और चार दिन में फटता था, सार," मंजुनाथ म्हणाले. रिमची वाकलेली कड त्यांनी अंगठ्याने दाखवली. "किधर मारा?"

"जुन्या मालकाने मारली असणार," असं शिरीषने त्यांना हिंदीत सांगितलं.

मंजुनाथनी नाही अशी मान हलवली. खूण ताजी होती.

मी अजूनही गप्प बसू शकत होते. जुना मालक मंगळूरला, त्याला कोण विचारणार? पण हाताला ती तार लागली होती.

"मी मारली," मी म्हणाले. "शाळेच्या वळणावर. फुटपाथवर चढली होती. दीड महिना झाला."

शिरीष टायरकडेच बघत राहिला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आणि मल्लू रोज मागे बसत होता?" त्याने विचारलं.

"हो. इराही. आज जाऊन अक्कांना सगळं सांगते."

मंजुनाथ पाना उचलून दुसऱ्या चाकाकडे गेले. इरा टायरच्या ढिगावर बसून आमच्या तोंडांकडे बघत होती. ती सावकाश खाली उतरली, फ्रॉक झटकला, माझा काळा झालेला हात टाळून दुसरा धरला आणि म्हणाली,

"आई, तुझं सांगून झालं? मग आता मी लपवलेलं सांगू?"