दहा नखांचा गिटारवाला

स्पेनमधल्या या ग्रानादाचा माणूस नाक मुरडतच जन्माला येतो, असं आम्ही इथलेच लोक म्हणतो. बाल्बिनोनं तर त्यावरही कडी केली होती. अडतीस वर्षं तो एका छापखान्यात मुद्रितं तपासत होता. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, त्यांच्याभोवती लाल पेनानं गोल करायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा. असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

छापखान्यातून सुटला की तो रामिरोच्या गुत्त्यात यायचा. छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्यांखाली त्याची खुर्ची ठरलेली. शनिवारी तिथं गल्लीतले गिटारवाले जमायचे. बाल्बिनो वाईनचा ग्लास आणि त्याबरोबर फुकट येणारी खाण्याची बशी पुढ्यात घेऊन डोळे मिटून ऐकत बसायचा. वाजवणं संपलं की डोळे उघडायचे, तर्जनी वर व्हायची.

"वाजवलंस छान, पण अंगठा जड पडतो."

"गिटार बरी आहे, पण पाठीचं लाकूड कोवळं होतं रे, वाळू द्यायला हवं होतं."

त्याच्या वाक्यातला पहिला भाग नुसता गोळीवरचा कागद. खरा माल 'पण'च्या पुढे. आणि गंमत अशी, की या गृहस्थानं जन्मात गिटारीच्या एका तारेला बोट लावलेलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याला तर नाचायचंच नव्हतं, नुसती गावातली वाकडी अंगणं मोजत हिंडायचं होतं.

गुत्त्यातल्यांनी हे हसण्यावारी नेलं. घरात मात्र ते अंगाशी आलं होतं. त्याची मुलगी एल्विरा चौदा वर्षांची असताना गिटार शिकायची. हात गोड होता पोरीचा. तीन मेला, क्रूसाच्या सणाला, अंगणात सगळ्या शेजाऱ्यांसमोर तिनं पहिल्यांदा वाजवलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत बाल्बिनो उठला. "हात ठीक आहे, पण ही गिटार म्हणजे संत्र्यांचं खोकं आहे. खोक्यातून संत्रीच निघणार, दुसरं काय!"

लोक खो खो हसले. एल्विराही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिटार घेऊन इलारियो मास्तरच्या गिटारीच्या कारखान्यात गेली आणि म्हणाली, ही विकून टाका. त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर तिनं गिटारीला हात लावला नाही. लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि वर्षातून एकदा, क्रूसाच्या सणाला, तासभर येऊ लागली.

मागच्या सणाला ती स्वतः केक करून घेऊन आली. बाल्बिनोनं घास घेतला. "मऊ झालाय. पण लिंबू जास्त पडलं."

एल्विरानं निमूट बशी खाली ठेवली. दारात आईला म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी येईन. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक जरी 'पण' निघाला, तर ते माझं शेवटचं येणं समज."

त्रिनीनं, म्हणजे बाल्बिनोच्या बायकोनं, हे सहा महिने पोटात ठेवलं. नोव्हेंबरात तो निवृत्त झाला आणि दिवसभर घरातल्या रश्शाला, पडद्यांना, रेडिओला नावं ठेवू लागला, तेव्हा तिनं एका दुपारी सगळं त्याच्या तोंडावर फेकलं.

"जाईल ती. कायमची जाईल. आणि तू खुर्चीत बसून म्हणशील, गेली खरी, पण दार नीट लावलं नाही!"

बाल्बिनोनं रेडिओ बंद केला. "मग मी काय करू?"

"स्वतः शिक. बस एकदा चार लोकांसमोर ते लाकूड मांडीवर घेऊन. म्हणजे कळेल पोरीला तेव्हा काय झालं असेल ते."

एखादा शहाणा गुपचूप शिकायला गेला असता. हा थेट गुत्त्यात गेला आणि त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की येत्या क्रूसाच्या सणाला आपण आपल्या अंगणात क्लासिकल गिटार वाजवणार.

"कुणाच्या हातांनी?" रामिरोनं ग्लास पुसता पुसता विचारलं.

हात तयार करायला बाल्बिनोनं त्याच दिवशी सुरुवात केली. वाजवणाऱ्यांची नखं लांब असतात एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. ती नेमकी कुठल्या हाताची, हे मात्र कधी पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? पठ्ठ्या तीस वर्षं डोळे मिटून ऐकत होता! तेव्हा त्यानं दोन्ही हातांची वाढवली. चांगली दहाच्या दहा. रोज रात्री जेवण झालं की त्रिनीचं नखं कडक करायचं पॉलिश लावून हात हवेत धरून बसायचा. गुत्त्यात आला की दोन्ही पंजे काउंटरवर पसरायचा, कुणीतरी विचारावं म्हणून.

आता, अख्ख्या गुत्त्याला माहीत होतं, की लांब नखं उजव्या हाताची. डाव्या हाताची मुळापासून कापलेली हवीत, नाहीतर तार दाबलीच जात नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण सांगणार कोण? ज्यानं प्रत्येकाची चूक चारचौघांत दाखवली, त्याची चूक त्याला दाखवायची कुणाला हौस? उलट रामिरो म्हणायचा, "वा! डावी करंगळी तर काय उतरलीय!" आणि वळून फडक्यात तोंड खुपसायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फेब्रुवारीत एका सकाळी बाल्बिनो इस्त्रीचा शर्ट घालून चढावरच्या कारखान्यात गेला. इलारियो मास्तर सत्तरीचा माणूस, कमी बोलणारा. लाखेच्या पॉलिशात बुडवलेली चिंधी गिटारीच्या पाठीवर गोल गोल फिरवत बसला होता.

"मास्तर, एक क्लासिकल गिटार दाखवा," बाल्बिनो म्हणाला. "मैफिलीची. वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची, पाठ शिसवीची. शिकाऊ माल दाखवू नका."

"वाजवणार कोण?"

"मी."

"किती वर्षं वाजवताय?"

"अजून सुरुवात नाही केली."

मास्तरनं चिंधी खाली ठेवली. एक गिटार त्याच्या मांडीवर दिली, डाव्या पायाखाली छोटं स्टूल सरकवलं. "पहिली तार, तिसरा पडदा. दाबा."

बाल्बिनोनं दाबली. म्हणजे त्याला तसं वाटलं. नख लाकडावर टेकलं आणि बोटाचं टोक तारेपर्यंत पोचेचना. त्यानं बोट आडवं केलं, तिरकं केलं, जोर लावला. तारेतून मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. मास्तरनं त्याचा डावा पंजा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून," बाल्बिनो अभिमानानं म्हणाला.

"आणि रामिरोकडे कुणी काही बोललं नाही?"

"बोलले की! सगळ्यांनी तारीफ केली."

मास्तर उठला, खणातून नेलकटर काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "आधी याच्याशी ओळख करून घ्या. डावा हात. पाचही." मग त्यानं दोन वाक्यांत कारण सांगितलं.

बाल्बिनोचे कान लाल झाले. तीन महिन्यांच्या सगळ्या शाबासक्या त्याला एकामागून एक आठवल्या, रामिरोच्या फडक्यासकट. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. टक् टक् करत पाच नखं भुशात पडली.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय! नखं कापून होतात न होतात तोच तो भिंतीवरच्या गिटारींना एकेक टिचकी मारत फिरू लागला. हिची मान जाड आहे. तिचा आवाज छातीतून येत नाही. ही दिसायला देखणी, पण खालच्या तारा झोपलेल्या.

"गिटार न्यायला आलात की मला नापास करायला?" मास्तर म्हणाला. "इकडे या. भिंतीकडे तोंड करून बसा. माझे वडील सगळ्या गिऱ्हाइकांना असंच बसवायचे. माणूस डोळ्यांनी गिटार घेतो आणि मग जन्मभर कानांनी रडतो. मी चार गिटारींवर एकच सूर वाजवतो. बोलायचं नाही. हवी ती आली की हात वर करायचा."

"बोलायचं नाही?"

"एक शब्द नाही."

बाल्बिनो भिंतीकडे तोंड करून बसला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. पहिली वाजली. खणखणीत होती, पण दिखाऊ. दुसरी वाजली. गोड होती, पण घाबरट. ओठांवर आलेलं सगळं त्याला गिळावं लागत होतं. तिसरी वाजली आणि बाल्बिनोला नावं ठेवायला जागाच सापडेना. आवाज जरासा घोगरा होता, उबदार होता, जवळ बसून कुणी बोलावं तसा. त्याला भरून आलं, का ते त्याचं त्यालाही कळलं नाही. हात आपोआप वर गेला.

"चौथी ऐकायची नाही?"

त्यानं मान हलवली. नाही.

वळून पाहतो तर मास्तरच्या हातात एक साधी, जुनी गिटार. पॉलिश उडालेलं, भोकाजवळ कर्कटकाचा ओरखडा.

"आतलं लेबल वाचा," मास्तर म्हणाला. "मुद्रितं तपासणारे ना तुम्ही?"

बाल्बिनोनं चष्मा लावला, भोकातून आत पाहिलं. लेबलाखाली पेन्सिलीनं, पोरवयाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: एल्विरा.

"संत्र्यांचं खोकं," मास्तर म्हणाला. "त्या सणाला मीही होतो अंगणात."

"इतक्या वर्षांत विकली नाहीत?"

"पोरीनं विका म्हणून सांगितलं होतं. मी नाही ऐकलं. वाटलं, येईल कधीतरी न्यायला."

"आवाज चांगला आहे, पण..." बाल्बिनोनं सवयीनं सुरुवात केली.

"बोला. पण काय?"

बाल्बिनो पुन्हा भोकातून आत पाहू लागला.

"तुमचे कान अस्सल आहेत," मास्तर म्हणाला. "तेव्हाही असणारच. म्हणजे खोटं बोलली ती जीभ. घेऊन जा हिला. दर गुरुवारी या, मी शिकवीन. आणि इथं बोलायचं नाही."

बाल्बिनो दर गुरुवारी गेला. सोळा मापांचा, म्हणजे तालाच्या सोळा छोट्या तुकड्यांचा एक धडा, सात वर्षांची पोरं पंधरा दिवसांत उरकतात तो, त्याला अडीच महिने पुरला. घरी वाजवायला बसला की वरच्या मजल्यावरून शेजाऱ्याचा आवाज यायचा, "बाल्बिनो, छान, पण खिडकी लाव!" डाव्या बोटांना घट्टे पडले. गुत्त्यातली खुर्ची ओस पडली. त्रिनीला त्याची दया येऊ लागली होती, पण तिनं ती दाखवली नाही.

तीन मे उजाडला. अंगणात लाल कार्नेशनांचा माणूसभर उंच क्रूस उभा राहिला. भोवती तांब्याची भांडी, भरतकामाच्या शाली, कुंड्या. पायथ्याशी रिवाजाप्रमाणे एक सफरचंद आणि त्यात खुपसलेली उघडी कात्री. आमच्या भाषेत 'पेरो' म्हणजे 'पण', आणि या जातीच्या सफरचंदालाही पेरोच म्हणतात. सजावटीला जो 'पण' लावेल त्याची जीभ कातरावी म्हणून ते आमच्याकडे ठेवतात. शेजारणींनी या वर्षी ते मुद्दाम बाल्बिनोच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलं होतं. रामिरो दुकान बंद करून आला होता. असला तमाशा कोण चुकवेल?

बाराच्या सुमाराला एल्विरा आली. सणाची खारी पोळी नको म्हणाली, हिरव्या शेंगा नको म्हणाली, हातातली पिशवीही खाली न ठेवता दाराजवळ उभी राहिली.

बाल्बिनो बसला. पायाखाली स्टूल घेतलं. गिटार मांडीवर घेतली. दहाव्या मापावर तो विसरला. परत पहिल्यापासून सुरुवात केली. परत तिथंच अडला, घाम पुसला, आणि कसाबसा शेवटापर्यंत पोचला.

"वाजवलंस छान," रामिरोनं तर्जनी वर केली, "पण..."

"रामिरो," त्रिनी म्हणाली, "कात्री बघ."

हशा पिकला. बाल्बिनो मान खाली घालून बसला होता. त्या हशात पोरीला काय वाटलं असेल, ते आता त्याला नीट कळत होतं. एल्विरा जवळ आली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, गिटारीवरच्या ओरखड्याकडे पाहत होती.

"ही कुठे मिळाली?"

"इलारियोकडे. चार वाजवून दाखवल्या त्यानं. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हवी ती आली की हात वर करायचा. मी हिला केला."

"ओळखून?"

"नाही गं. न ओळखता."

एल्विरानं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. "चौथी तार उतरलीय, पापा," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवून तिनं गिटार त्याच्या मांडीवरून उचलली, खुर्चीत बसली, खुंटी पिळून तार लावली. आणि चौदाव्या वर्षी वाजवलेलं तेच वाजवायला लागली.

बोटं गंजली होती. दुसऱ्या ओळीत ती अडखळली, तिसरीत एक सूर सरळ चुकला. अंगणातलं एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे बाल्बिनोकडे बघत होते. त्याच्या भुवया वर गेल्या. तर्जनी हलली. ओठ विलग झाले. तो शब्द घशातून वर येताना सगळ्या अंगणाला दिसला. त्रिनीनं डोळे मिटून घेतले.

बाल्बिनो उठला, तडक क्रूसापाशी गेला, सफरचंदातली कात्री उपसून बाजूला टाकली आणि अर्धं सफरचंद एका घासात तोंडात कोंबलं. गाल फुगले, रस हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर उतरला. एल्विराचं वाजवणं संपेपर्यंत तो तिथं उभा राहून चावत होता.

तिनं तारांवर हात ठेवला. "काय मग, पापा?"

बाल्बिनोचं तोंड भरलेलं होतं. त्यानं डावा हात वर केला.