गानूंच्या हॉलचा निवाडा

शनिवार पेठेतला पहिल्या मजल्यावरचा हॉल सासऱ्यांनी घेतलेला, पण तिथला टायपिंग क्लास चालवला श्यामला गानूंनी. नवरा ऐन तिशीत गेला. तेव्हापासून त्या रोज यंत्रांच्या खडखडाटात उभ्या राहून मुलींची बोटं वळणावर आणत होत्या. हॉलच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. पुढे ऑफिसांत कॉम्प्युटर आले, गर्दी ओसरली; पण सरकारी नोकरीला टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, त्यावर क्लास तगून होता.

सासरे मृत्युपत्र न करताच वारले. धाकटे दीर बाळ सॉफ्टवेअर कंपनीत साहेब, राहायला कोथरूडला. सुतक फिटलं तशी त्यांनी वाटणी काढली.

"कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायच्या, वहिनी? श्रीधरकाकांना लवाद नेमू. ते सांगतील ते दोघांनी मान्य करायचं."

श्रीधरपंत आगाशे सासऱ्यांचे जुने मित्र, बँकेतून निवृत्त झालेले. श्यामलाबाईंनी स्टॅम्पपेपरवर बिनघोर सही केली.

पहिल्या बैठकीतच त्यांना खटकलं. बाळ बोलले की काका लिहून घेत. श्यामलाबाई बोलल्या की काका चष्मा पुसत. "हे टायपिंग आणखी किती वर्षं चालणार गं?" असं त्यांनी विचारलं, तेही हसून.

"माझं पोट चालतंय तोवर," श्यामलाबाई म्हणाल्या. काकांनी ते लिहून घेतलं नाही.

मग एका दुपारी त्या हॉलच्या घरपट्टीच्या पावत्या द्यायला काकांच्या घरी गेल्या. काका बाहेर गेले होते. काकूंनी हातावर पेढा ठेवला.

"आमच्या सौमित्रला नोकरी लागली. बाळच्याच कंपनीत. बाळनं शब्द टाकला म्हणून हो, नाहीतर त्याच्या मार्कांना कोण विचारतंय?"

काकू भोळेपणानं बोलून गेल्या. श्यामलाबाईंनी पेढा तसाच टेबलावर ठेवला आणि जिना उतरल्या. स्टॅम्पपेपरवर आपण किती विश्वासानं सही केली, ते आठवून त्यांना स्वतःचाही संताप येत होता.

पुढच्या बैठकीत काका खुर्चीत बसण्याच्या आत त्यांनी विचारलं, "काका, सौमित्र कुठे नोकरीला लागला?"

काकांनी बाळकडे पाहिलं. बाळ खिडकीबाहेर पाहू लागले.

"त्याचा इथे काय संबंध?" काका म्हणाले.

"संबंध नसता तर तुम्ही आधीच सांगितलं असतं. पेढेही इकडे आले असते."

"श्यामला, मी तुझ्या सासऱ्यांच्या पंक्तीला जेवलेला माणूस आहे."

"म्हणूनच सही केली. आता तुम्ही लवाद म्हणून मला नको आहात."

"सही झाली की असं माघारी फिरता येत नाही," बाळ म्हणाले. "वहिनी, जरा समजून घ्या. तुमचं शिक्षण..."

"माझं शिक्षण राहू द्या, भावजी. तुमचं झालंय ना भरपूर? मग उघड बोलायचं."

निवाडा आलाच. हॉल बाळला. श्यामलाबाईंना मागच्या दोन खोल्या आणि सगळी टाइपरायटर यंत्रं. 'ज्याला ज्याचा उपयोग' असं काकांनी कारण दिलं होतं. यंत्रं ठेवायची कुठे, हे लिहिलेलं नव्हतं. खोल्यांत तर माणूस कसाबसा मावत होता.

श्यामलाबाई वकिलाकडे गेल्या. "काकूंना साक्षीला आणू नका," एवढीच त्यांची अट. वकील म्हणाले, "गरज नाही. मुलाची नोकरी कागदोपत्री सिद्ध होते, आणि लवादानं ती लपवली." निवाडा रद्द करण्याचा अर्ज मुदतीत दाखल झाला. मग तारखा; तोवर क्लास हॉलमध्येच चालू. ओळखीच्या बायका जिन्यात गाठून सांगायच्या, म्हाताऱ्या माणसाला कोर्टात ओढू नये. "त्यांनी मला रस्त्यावर ओढलं त्याचं काय?" असं विचारून त्या वर निघून जायच्या. बाळनं मध्येच निरोप धाडला, थोडे पैसे घ्या आणि मिटवा. त्यांनी निरोप्याला दारातूनच परतवून लावलं.

काही वर्षांनी कोर्टानं निवाडा रद्द केला. तेव्हा कुठे बाळ वकिलासह समोर येऊन बसले. हॉलमध्ये भिंत घातली गेली. मागच्या खोल्या श्यामलाबाईंकडे राहिल्या. त्याबद्दल बाळला हॉलमधली थोडी जास्त जागा मिळाली. पलीकडे कॉम्प्युटर क्लास निघाला, अलीकडे टायपिंग चालू राहिलं.

बाळच्या मुलीच्या, स्वरालीच्या लग्नाला श्यामलाबाई गेल्या. पोरीचा काही दोष नव्हता. अहेर दिला, अक्षता टाकल्या. पंगतीत शेजारच्या पाटावर श्रीधरपंत येऊन बसले आणि म्हणाले, "कशी आहेस, श्यामला?"

त्या उठल्या, वाढपी पोरीला म्हणाल्या, "माझं पान त्या टोकाला मांड," आणि तिकडे जाऊन बसल्या.