बंदूक कोणत्या तारखेला परत आली?

डार्लीन कोवारिकला लोक तोंडावर चौकस म्हणत आणि पाठीमागे भोचक. तिला दोन्ही ठाऊक होतं. नेब्रास्कातल्या एका शेरिफच्या कार्यालयात तिने सव्वीस वर्षं पोलिसांच्या नोकरीच्या फायली सांभाळल्या. दुसऱ्या गावचे पोलीसप्रमुख फोनवर विचारत, "तुमचा अमुक माणूस आम्ही घेतोय, कसा आहे?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "आम्ही फक्त तारखा सांगतो." रुजू कधी झाला आणि सोडून कधी गेला, बस. वकिलांचा तसा हुकूमच होता. अशाच दोन तारखांच्या बळावर एक नालायक पुढच्या गावी चिकटला आणि तिथे त्याने बेड्या घातलेल्या माणसाचा जबडा मोडला. डार्लीनच्या मनातून ते काही गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती आपल्या गावच्या पोलिसांसाठी उमेदवारांची चौकशी करू लागली. फोनवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. उमेदवाराची संमती घ्यायची, डब्यात 'कोलाचे' हे खसखशीचे गोड पाव भरायचे आणि गाडी काढून थेट त्याच्या जुन्या कार्यालयात फाइल वाचायला जाऊन बसायचं, ही तिची रीत.

कोरी व्हिटलोचा अर्ज आला तेव्हा गावचा पोलीसप्रमुख लाइल हेन्के घायकुतीला आला होता. सात महिने एक जागा रिकामी, आणि दोघांची गस्त तो एकटा घालत होता.

"माणूस बरा दिसतोय. उगाच घोळ घालू नकोस," तो म्हणाला.

"मी घोळ घालत नाही लाइल. मला तो सापडतो."

चार तास गाडी हाकून ती कोरीच्या जुन्या कार्यालयात पोचली. फाइल स्वच्छ होती. आठ वर्षं नोकरी, दोन शाबासकीची पत्रं, अठरा एप्रिलला राजीनामा. डार्लीनला इतकी स्वच्छ फाइल आवडत नसे. फाइल साफसूफ करणाऱ्यांना तळघरातल्या कोठाराची आठवण राहत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. नोकरी सोडताना कोणती वस्तू कधी परत केली, तो कागद तिथे असतो.

कोठाराच्या मर्लने दोन कोलाचे संपवले आणि कागद काढून दिला. बिल्ला, रेडिओ, गणवेश अठरा एप्रिलला जमा. बंदूक मात्र चार मार्चला.

डार्लीनचे कान टवकारले. सहा आठवडे आधी जमा झालेली बंदूक बहुधा काढून घेतलेली असते, आणि त्यामागे काहीतरी काळंबेरं असतं.

"मर्ल, ही का जमा झाली?"

"मला कागद ठेवायचा पगार मिळतो बाई, बोलायचा नाही."

"आणि कोलाचे कशाबद्दल खाल्लेत?"

मर्लने बोटं पुसली. "सही बघा की."

बंदूक काढून घेतली तर सही सार्जंटची असते. इथे ती कोरीची होती. परतीच्या वाटेवर डार्लीनने शंभर तर्क लढवले, पण एकही धड बसेना.

दुसऱ्या दिवशी कोरी धान्याच्या कोठीतलं काम सोडून तसाच आला, अंगावर मक्याची धूळ. तिने कागद पुढे सरकवला. त्याने चार मार्चच्या ओळीवर बोट ठेवलं.

"जानेवारीत बायको गेली," तो म्हणाला. "मार्चमध्ये एका सकाळी बंदुकीकडे बघत बसलो होतो. किती वेळ, ते कळलंच नाही. तशीच उचलली आणि मर्लच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग सहा आठवडे डॉक्टर. सार्जंट म्हणाला, हे जन्मभर तुला चिकटेल, आणि त्यानेच कागद काढून टाकले. जीव होता त्याचा माझ्यावर."

"मग नोकरी का सोडलीस?"

"त्या घरात राहवेना. इथे बहीण आहे माझी."

"आणखी कुठे अर्ज केलास?"

"तीन गावांत. ते तिकडे फोन करतात, परत घ्याल का त्याला, म्हणून विचारतात. तिकडून उत्तर येतं, आम्ही फक्त तारखा सांगतो. मग लोकांना काय समजायचं ते समजतात."

डार्लीनने पेन खाली ठेवलं. वाक्य तिचंच होतं, जसंच्या तसं. तो जबडा मोडणारा तिला रोज आठवायचा. त्या वाक्यामुळे दाराबाहेर राहिलेले कोरी किती असतील, हे मात्र सव्वीस वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"हे लिहिलं तर राज्याच्या नोंदीत जाईल," ती अखेर म्हणाली. "पुढे जो कोणी तुला घ्यायला निघेल, तो वाचेल. आणि नाही लिहिलं, तर पुन्हा दोन तारखाच."

कोरीने टोपी गुडघ्यावर दोनदा फिरवली. "लिहा मॅडम. मीच नेऊन दिली, हेही लिहा."

लाइलने अहवाल उभ्याउभ्या वाचला, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला.

"स्वतःहून दिली?"

"स्वतःहून."

त्याचा हात नकळत आपल्या कमरेच्या बंदुकीकडे गेला. "माझ्याच्याने झालं असतं का, कोण जाणे," तो म्हणाला. "सोमवारी बोलाव त्याला."