नलूताईंचं सोवळं

नाशिकमध्ये सोवळं खऱ्या निष्ठेनं पाळणारी एकच व्यक्ती मी पाहिली: नलूताई. देवळात मात्र त्या लग्नकार्यापुरत्याच जात. त्यांचं सोवळं आमच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत चाले. केळीच्या कोंबाचं टोक कापून बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचं आणि त्याची रोपं करायची, हा आमचा धंदा. बुरशीचा कण शिरला की बाटली गेली. म्हणून ताई कोपरापर्यंत स्पिरिट चोळत, पात्याला ज्योत दाखवत आणि काम करताना अवाक्षर काढत नसत. बाहेर आल्या की तुंबलेलं सगळं बोलून टाकत.

एकदा फीत कापायला आलेले पाहुणे गळ्यातल्या हारासकट आत निघाले. ताई दारात आडव्या.

"अहो, आंघोळ करून आलोय."

"कुठे?"

"गंगेवर."

"मग तर नकोच."

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि ताईंचं घराणं तिथल्याच उपाध्यांचं. लहानपणी त्यांना देवघराच्या उंबऱ्यावर अडवत. "राग नाही," त्या म्हणत, "फक्त उंबरा आता माझ्याकडे आहे."

परसातली आजोबांनी लावलेली केळ रोगानं खुरटली, तेव्हा उपाध्येपण चालवणारा धाकटा भाऊ बाळू तिचा शेवटचा मुनवा, बुंध्याशी फुटलेला कोंब, पिशवीत घालून आला. "अक्का, एवढी वाचव गं. नैवेद्याला बाजारातली केळी ठेववत नाहीत."

कोंबाच्या अगदी टोकाला रोग बहुधा पोचलेला नसतो. ताईंनी तेवढंच कोरून घेतलं. बऱ्याच बाटल्या गेल्या, दोन राहिल्या.

बाळू बघायला आला. ताई फोनवर बोलत असताना त्यानं एका बाटलीचं झाकण काढून आत गंगेचे थेंब सोडले.

"काय केलंस हे?"

"तीर्थ आहे, अक्का. बिचारी कोंडलीय."

"तीर्थ माणसांना देत जा. त्यांना सवय आहे."

लवकरच त्या बाटलीत पांढरी बुरशी फुलली. उरलेली बाटली ताईंनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. बाळूला पुढचे सगळे नमस्कार काचेबाहेरून करावे लागले.

त्या बाटलीतली रोपं जगली. ताई निवृत्त झाल्या त्या वर्षी परसात त्यातून लावलेल्या केळीला घड लागला. बाळू यजमानांना अजून सांगतो, "गंगेच्या तीर्थानं पुन्हा उभी राहिलेली केळ आहे ही." शेजारी ताई केळं सोलत बसलेल्या असतात. "सांगू दे त्याला," मला म्हणतात, "गोड आहे ना?"

तीर्थाची बाटली आम्ही बुरशी मरावी म्हणून कुकरमध्ये शिजवून मोरीत ओतली होती.