हजेरीतून गळालेला रविवार

मंडळी, आजची चूक कॉम्प्युटरची नाही, माझी आहे.

वालीवच्या आमच्या कारखान्यात हजेरी आता डेटाबेसमध्ये असते. एका माणसाच्या एका दिवसाची एक ओळ. साहेबांना मात्र जुन्या मस्टरसारखा कागद हवा होता, नाव एकदाच आणि पुढे वारांचे रकाने. मी डेटाबेसला द्यायची आज्ञा, म्हणजे क्वेरी लिहून ओळींचे रकाने केले, पुस्तकातल्या उदाहरणाबरहुकूम सोमवार ते शनिवार. त्यावरून हजेरीचे दिवस मोजून कायम करायच्या कामगारांची यादी निघाली.

दुपारी पॅकिंगच्या फिलोमिनाबाई यादी घेऊन आल्या. त्यांचं नाव नव्हतं.

"मॅडम, आपली सुट्टी शुक्रवारी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून धावत येते, ती काय तुमचं तोंड बघायला?"

मी रविवारचा रकाना घातला. दिवस भरले आणि त्यांचं नाव आलं, आणखी पाचजणांचीही आली. ते पाचजण काहीच बोलले नव्हते.

मस्टर मी हाताने आखायचे, तेव्हा पगाराआधी प्रत्येकजण टेबलावर वाकून आपली ओळ बोटाने तपासायचा. कागद मळतो म्हणून मी ओरडायचे. आज ती बोटं फार आठवली.

तुमच्याकडे आपली ओळ अजून कोण तपासतं?