वहीकाकांवरचं पान

"नववीतून शाळा सोडलेला माणूस ओल्ड बॉय कसा गा? तो तर आपला पोस्टमन!"

माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष हसत हसत कोणाला तरी हे म्हणाले आणि चहा घ्यायला पुढे गेले. शाळेच्या हॉलमध्ये एका खांबाआड मी प्रूफं तपासत बसले होते. फादर लोकांनी चालवलेल्या या मुलांच्या शाळेत माझे बाबा शिकले. "आमच्या पोरीचं इंग्रजी चांगलं आहे," असं त्यांनी एका सभेत सांगून टाकलं आणि संघाचा इतिहास इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष ज्यांच्याबद्दल बोलत होते ते वहीकाका. त्यांच्यावरचं पान त्या क्षणी माझ्या मांडीवर होतं.

संघातल्या सगळ्यांचे पत्ते वहीकाकांकडे असत. कापडी पाठीची एक लांब वही. तिच्यात नावं ना अकारविल्हे, ना वर्षांप्रमाणे. बेंचांप्रमाणे. वर्गात जो ज्याच्या शेजारी बसायचा, तो वहीतही त्याच्याच शेजारी. पहिल्या दिवशी मी गोंधळले तेव्हा म्हणाले, "माणूस हरवला तर त्याच्या बेंचवाल्याले विचारायचं, पोरी. बायकोले ठाऊक नसते, त्याले असते." कॅनडात गेलेल्या एकाचा पत्ता आम्हाला खरोखरच त्याच्या बेंचवाल्याच्या, जरीपटक्यातल्या मिठाईच्या दुकानात मिळाला.

वडील अचानक गेले म्हणून त्यांची शाळा नववीत सुटली. पुढे सगळं आयुष्य गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात गेलं. पण दरवर्षी शाळेच्या फीस्टला, म्हणजे शाळेच्या संताच्या सणाला, जुने विद्यार्थी जमत, त्याच्या महिनाभर आधीपासून ते स्कूटरवर निमंत्रणं वाटत फिरत, अगदी शहराबाहेर कळमेश्वरपर्यंत. जे वारले त्यांच्याही घरी कार्ड जाई. मी काही विचारलं नव्हतं, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. "कार्ड बंद केलं का घरच्यांले वाटते, शाळाबी विसरली," ते म्हणाले.

मी फार बोलत नाही याची त्यांना मजा वाटायची. "तू नुसती ऐकून राहिली वं! आमच्या संघात उलटं आहे. सगळे बोलतेत, ऐकत कोणीच नाही."

फीस्टच्या दिवशी सह्यांचं रजिस्टर घेऊन दारात तेच बसत. येणाऱ्याला नावानं हाक मारत, पेन हातात देत. स्वतः मात्र सही करत नसत. एकदा मी पेन त्यांच्यापुढे धरलं. "मी ड्यूटीवर आहो," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ते पान मी या न केलेल्या सहीबद्दलच लिहिलं होतं. सगळ्या पुस्तकात कोणी न सांगता मला सुचलेलं तेवढंच. अध्यक्षांचं बोलणं कानावर पडलं आणि मी ते काढून टाकलं. काकांचं नाव पुस्तकात तेवढ्या एका पानावरच होतं. अध्यक्षांना विचारलं नाही, बाबांना सांगितलं नाही. काही नियम असेल, मोठ्यांना ठाऊक असेल, आपण कशाला मध्ये पडा, एवढंच मनात आलं. अध्यक्षांनी पुढे प्रूफं वाचलीही नाहीत. "तू पाह्यलं ना? झालं मग," म्हणाले.

पुस्तकं छापून आली त्या दुपारी वहीकाका शाळेच्या पायऱ्यांवर बसून नावांच्या यादीवरून बोट फिरवत होते. इंग्रजी ते हळू वाचत, पण त्यांनी एकही नाव सोडलं नाही. मी बाजूला उभी होते.

"सगळे बेंचवाले आले," ते म्हणाले. मग जरा थांबून, "माझं कुठं काही असलं तर दाखवजो वं. चष्मा घरीच राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

त्यांनी पुस्तक मिटलं, त्यावरून एकदा हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच पुस्तकं घरोघर पोचवायला निघाले.

त्यानंतरच्या थंडीत ते गेले. मधले तीन महिने मी त्यांच्या घरी जायचं रोज ठरवत होते. काय सांगायचं ते आधी इंग्रजीत जुळवायचे, मग मराठीत. दोन्हींत ते सबबीसारखं वाटे.

शोकसभेला हॉल भरून गेला. फीस्टलाही इतकी माणसं येत नसत. निमंत्रणं कोणी वाटली नव्हती. बेंचवाल्यांनी बेंचवाल्यांना फोन केले होते. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि आधी रडलेच.

"पुस्तकात त्याचं नाव नाही, हे मले काल दिसलं. इतक्या वर्षांचा आपला माणूस! काहून राहिलं, समजत नाही. छापखान्याची चूक असन."

सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत काकांची मुलगी बसली होती. तिनंही मान हलवली, जणू तिचं समाधान झालं होतं. बाबा माझ्या शेजारीच होते. मी उठले तेव्हा त्यांना वाटलं, मी बाहेर निघाले. त्यांनी वाट द्यायला पाय आवरून घेतले. मी तिथेच उभी राहिले.

"छापखान्याची चूक नाही," मी म्हणाले. "काकांवरचं पान लिहून तयार होतं. ते मी काढलं. मला कोणीही काढायला सांगितलं नव्हतं."