चाकू नसलेली खोली

आखातात, वादी अदाईत आमच्या वरच्या खोलीत राहणारा एसी मेकॅनिक कांदा बुक्कीनं फोडायचा. कोथिंबीर हातानं तोडायचा, सुरमई बाजारातूनच कापून आणायचा. त्याच्या खोलीत चाकू नव्हताच. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आला की आधी स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचा, "वयनी, ती सुरी जरा आत ठेवशात?" बायको हसत सुरी खणात टाकायची, मगच तो बसायचा.

लेबर कॅम्पातल्या एका मारामारीत त्यानं चाकू उगारला होता. त्यापायी तुरुंगात जाऊन आला. आमच्या दोघांच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली. शिक्षा झालेल्याजवळ पुन्हा चाकू सापडला तर थेट विमानात बसवतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. कायदा खरंच तसा आहे का, हे विचारायचीही त्याला भीती. मला कधीकधी राग यायचा. भाजीच्या सुरीला कसला घाबरतो हा!

एका ईदेला आम्ही अर्बाबच्या घरी गेलो. नातू कडेवर यायला रडू लागला, तसा म्हाताऱ्यानं कमरेचा चांदीचा खंजर सोडला आणि एवढी माणसं बसलेली असताना नेमका याच्या हातात दिला. "पकडो," म्हणाला आणि नातवाला घेऊन अंगणात गेला.

हा दोन्ही हातांवर खंजर घेऊन ताठ उभा. कपाळावर घाम. मी हळूच म्हटलं, "अरे, बाजूला टेबल आहे, ठेव ना."

त्यानं मान हलवली. "ठेवूक नाय, धरूक दिल्यानी माका."